फुंक मार: ड्रायव्हर प्यायलाय हे ठरवतं कोण?

सुट्टीत देवळाली प्रवराला घरी आले की एक प्रश्न ठरलेला असतो. माझं संशोधन वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर आहे. घरच्यांनी ते गल्लीत सोपं करून सांगितलं, गल्लीने आणखी सोपं केलं, आणि आता माझी ओळख ‘पोलिसांच्या फुंकायच्या मशीनवाली’ अशी झाली आहे. मागच्या वेळी शेजारच्या काकांनी टेम्पो धुता धुता विचारलंच, “अगं, तुला तर माहीत असणार. वरून कांदा खाल्ला, नाहीतर पान लावलं, तर मशीन फसतं ना?”

छोटं उत्तर असं, की नाही फसत. का फसत नाही ते पुढे येईलच. पण काकांना नीट उत्तर द्यायचं म्हणून मी यंत्राच्या आधीचे कायदे आणि कोर्टाचे निकाल वाचायला घेतले, आणि त्यातून एक वेगळाच इतिहास हाती लागला. समोरचा ड्रायव्हर प्यायलाय हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? हवालदाराच्या नाकावरून, डॉक्टरच्या डोळ्यांवरून, रक्ताच्या कुपीवरून, की श्वासाच्या आकड्यावरून? आपल्या राज्यात ही चारही उत्तरं वापरून झाली आहेत. प्रत्येक उत्तराच्या मागे एखादा अपघात आहे आणि एखादा खटला आहे. आज तीच गोष्ट सांगते.

नाक आणि सरळ रेषा

दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला पहिला माणूस म्हणून लंडनच्या जॉर्ज स्मिथ या टॅक्सीवाल्याचं नाव घेतात. तारीख १० सप्टेंबर १८९७. त्याची टॅक्सी विजेवर चालणारी होती (हो, तेव्हाही ईव्ही होत्या!) आणि ती एका इमारतीवर जाऊन आदळली. त्याने प्यायल्याचं कबूल केलं आणि २५ शिलिंग दंड भरला. कबुली मिळाली की काम सोपं होतं. खरी अडचण कबूल न करणाऱ्याची असते.

आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या कलम ११७ मध्ये गुन्ह्याची व्याख्या साधारण अशी होती: दारूचा किंवा अमली पदार्थाचा अंमल इतका असावा, की गाडीवर नीट ताबा ठेवणं त्या माणसाला जमू नये. वाचताना हे अगदी शहाणपणाचं वाटतं. पण आता त्या वेळच्या पोलिसाच्या जागी उभे राहून बघा. ‘इतका’ म्हणजे किती? कायद्यात आकडा नव्हता. मग ड्रायव्हरला डॉक्टरकडे न्यायचं. डॉक्टर तोंडाचा वास घेणार, डोळे बघणार, बोलायला लावणार, सरळ रेषेत चालायला लावणार आणि स्वतःचं मत लिहिणार. त्या मतावर खटला उभा राहायचा किंवा आडवा व्हायचा.

हे किती डळमळीत होतं ते मुंबईतल्या एका खटल्यात दिसतं. २९ मे १९५१ ची रात्र. कुलाब्याला एका जीपने तीन माणसांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम खुर्शीद पेसिकाका, आणि त्यांचा हुद्दा काय असावा? प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. म्हणजे आपण ज्याला आरटीओ साहेब म्हणतो तेच. त्यांना सेंट जॉर्ज इस्पितळात नेलं. डॉक्टरने नोंद केली की श्वासाला दारूचा वास आहे, डोळे लाल आहेत, बाहुल्या थोड्या विस्फारलेल्या आहेत. पण बोलणं सुसंगत आहे आणि गडी सरळ रेषेत चालतोय. डॉक्टरचं मत पडलं, की यांनी कोणत्या तरी रूपात अल्कोहोल घेतलं आहे, पण ते त्याच्या अमलाखाली आहेत असं वाटत नाही.

पेसिकाकांचा बचाव असा होता, की त्यांनी जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं आणि त्यात अल्कोहोल असतंच. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि शेवटी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. निकालाचा गाभा पुरावा देण्याची जबाबदारी कुणावर, हा होता. आरोपीने घेतलेलं अल्कोहोल बंदी असलेल्या दारूतलंच होतं, हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर आहे, असं न्यायालय म्हणालं. नुसता वास आला म्हणून ते सिद्ध होत नाही. नाक एवढंच सांगतं, की ‘काहीतरी’ आहे. काय आहे आणि किती आहे ते नाकाला कळत नाही.

आकडा आधी दारूबंदीने आणला

पेसिकाकांच्या खटल्यात ‘बंदी असलेली दारू’ हे शब्द आले, कारण तेव्हा आपण दारूबंदीच्या राज्यात राहत होतो. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, मोरारजी देसाई त्याचे खंदे पुरस्कर्ते, आणि आपला नगर जिल्हा त्याच राज्यात. गंमत म्हणजे आपला हा भाग पडला उसाचा. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेच्या पाटाचं पाणी खेळलं आणि ऊस वाढला. श्रीरामपूरजवळ टिळकनगरला १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला. साखर झाली की मळी उरते, आणि मळी आंबवली की मद्यार्क होतो. म्हणजे शेतात ज्याचा कच्चा माल डोलतोय, ते पिणं मात्र गुन्हा.

मग हातभट्ट्या आल्या, चोरटी वाहतूक आली आणि खटल्यांचा ढीग आला. प्रत्येक खटल्यात आरोपी म्हणणार, साहेब, खोकल्याचं औषध घेतलं होतं. यावर सरकारने १९५९ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती केली. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तर ते औषधातलं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. पेसिकाका निकालाने जी फट उघडी राहिली होती, ती या आकड्याने बुजवली.

इथे जरा थांबा. आपल्या राज्यात रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा कायद्यात आला तो रस्त्यावरच्या माणसाचा जीव वाचवायला नाही. तो आला पिणाऱ्याला पकडायला. गाडी चालवायला किती अल्कोहोल धोक्याचं, हा प्रश्न त्या आकड्यामागे नव्हताच. दारू आणि ड्रायव्हिंग या दोन वेगळ्या गोष्टी आपण आजही एकत्र करतो. ‘पिणं वाईट की पिऊन गाडी चालवणं वाईट’ असा वाद आपल्याकडे चटकन पिण्यावरच घसरतो. त्याचं एक मूळ मला इथे दिसतं.

या दुरुस्तीबरोबर रक्त कसं घ्यायचं याचेही नियम झाले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही ते वाचून बरं वाटेल. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची. कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही (इंजेक्शनच्या आधी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते ना, तो इथे चालणार नाही). किमान ५ सीसी रक्त काढायचं. कुपीत रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून रसायनं हवीत. कुपी जोरात हलवायची, चिठ्ठी लावायची, लाख लावून मोहोर मारायची. मगच ती सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे जाणार.

कुपी कुठे होती?

नियम लिहिणं एक आणि ते पाळले गेले हे दाखवणं दुसरं. खानदेशातला उखा कोल्हे खटला याचं चांगलं उदाहरण आहे. अपघात एप्रिल १९६१ चा. दारू पिऊन गाडी चालवली आणि त्यात एकाचा मृत्यू झाला, असा आरोप होता. धुळ्याच्या इस्पितळात डॉक्टरने आरोपीचं रक्त घेतलं. १९६३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, दारूबंदी कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच रक्त घेतलेलं असलं पाहिजे असं नाही, इस्पितळात घेतलेलं रक्तही पुरावा होऊ शकतं. दोन, पण रक्त घेतल्यापासून विश्लेषकाकडे पोचेपर्यंत ती कुपी कुणाच्या ताब्यात होती आणि ती सुरक्षित होती, याचा पुरावा लागेल. त्या खटल्यात मधल्या दिवसांचा तोच पुरावा नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याची वही असते. कुणी घेतला, कधी घेतला, कुठल्या फ्रीजमध्ये ठेवला. नवीन विद्यार्थी ती भरायचा कंटाळा करतात. मी त्यांना आता ही गोष्ट सांगते.

पुढचा निकाल १९७१ चा, बच्चूभाई हसनअल्ली कारियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुन्हा मोटार अपघात. डॉक्टरने लिहिलं होतं, वास येतोय, चाल डळमळीत आहे, बोलणं असंबद्ध आहे, बाहुल्या विस्फारलेल्या आहेत. पेसिकाकांपेक्षा कितीतरी जास्त लक्षणं. पण लघवीची तपासणी झाली नव्हती आणि रक्ताच्या तपासणीचा अहवाल कोर्टासमोर आलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता हे ठामपणे म्हणता येणार नाही. विचार केला तर पटतं. नुकताच ज्याच्या हातून अपघात झालाय तो माणूस थरथरणार, अडखळणार, भलतंच बोलणार. घाबरलेला माणूस आणि प्यायलेला माणूस लांबून सारखेच दिसू शकतात. फरक रक्तात असतो.

श्वासातला रक्ताचा हिशेब

आता थोडं रसायनशास्त्र. परीक्षा नाही, तेव्हा वाचा.

स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९२० आणि ३० च्या दशकांत दाखवलं, की प्यायलेलं अल्कोहोल रक्तात किती चढतं आणि मग कसं उतरतं याचं गणित मांडता येतं. उतरण्याचा वेग बहुतेकांच्या बाबतीत तासाला १०० मिलिलिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम असतो. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, यातल्या कशानेही तो वाढत नाही. यकृत आपल्या चालीने चालतं. नॉर्वेने १९३६ मध्ये ड्रायव्हरसाठी रक्तातली मर्यादा कायद्यात लिहिली, ५० मिलिग्रॅम.

पण प्रत्येक ड्रायव्हरचं रक्त कसं काढणार? इथे श्वास कामाला आला. रक्तातलं अल्कोहोल फुप्फुसात हवेत उतरतं, आणि ठरावीक तापमानाला दोन्हीकडच्या प्रमाणाचं नातं बांधलेलं असतं. हेन्रीचा नियम आठवा. साधारण २१०० मिलिलिटर खोल श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढं १ मिलिलिटर रक्तात. माणसागणिक हे थोडं कमीजास्त होतं, पण हिशेब याच आकड्यावर चालतो.

अमेरिकेत रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात ‘ड्रंकोमीटर’ बनवला. फुग्यात फुंकायचं आणि ती हवा पोटॅशियम परमँगनेटमधून सोडायची. १९५४ मध्ये इंडियाना राज्याच्या पोलीस प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी ‘ब्रेथलायझर’ आणला. त्यात पोटॅशियम डायक्रोमेट असायचं. अल्कोहोल आलं की नारिंगी-पिवळा रंग हिरव्याकडे सरकतो, आणि किती सरकला ते प्रकाशाने मोजायचं. पुढे बोर्केनस्टाइन यांनीच ग्रँड रॅपिड्स शहरात हजारो ड्रायव्हरांचे श्वास तपासले, अपघात झालेल्यांचे आणि न झालेल्यांचेही. १९६४ च्या त्या अभ्यासाने अल्कोहोल चढत जातं तसा धोका कसा चढतो ते आकड्यांत दाखवलं. ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणि श्वासतपासणी सुरू केली.

आज हवालदाराच्या हातात असतं त्यातल्या चांगल्या यंत्रांत रंग नसतो, इंधन-घट असतो. प्लॅटिनमच्या पत्र्यावर अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होऊन ॲसेटिक आम्ल बनतं, आणि दर रेणूमागे चार इलेक्ट्रॉन सुटतात. तो प्रवाह म्हणजेच पडद्यावरचा आकडा. आता काकांच्या कांद्याकडे या. कांदा वास झाकतो. यंत्र वास घेतच नाही, इलेक्ट्रॉन मोजतं. पान, पेपरमिंट, वेलदोडा हे सगळे उपाय १९५१ च्या डॉक्टरसाठी होते. उलट काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, त्याने तोंडातलं प्रमाण काही मिनिटं उगाच वाढतं. म्हणून शंका असेल तर पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावणं योग्य.

‘कितीही कमी’ ते ३० मिलिग्रॅम

आपला कायदा या शास्त्राकडे वळणं घेत घेत आला. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यात कलम १८५ आलं. त्याच्या मूळ मजकुरात रक्तात अल्कोहोल ‘कितीही कमी’ असलं तरी गुन्हा होता. १९३९ ला आकडाच नव्हता, १९८८ ला आकडा शून्य झाला. पेसिकाका या कायद्यात टॉनिकवरच अडकले असते. १९९४ च्या दुरुस्तीने आजचा आकडा दिला: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, श्वास-विश्लेषकाने तपासलेलं. २१०० चा भागाकार केला तर १ लिटर श्वासात ०.१४ मिलिग्रॅमच्या आसपास.

बाकीच्या तरतुदीही माहीत असाव्यात. कलम २०३ प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाला तुम्ही प्यायल्याचा वाजवी संशय आला तर तो फुंकायला सांगू शकतो. नाही म्हणालात तर अटक होऊ शकते. कलम २०२ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. आणि हेल्मेटच्या दंडासारखं जागेवर पैसे भरून हे मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपये केला, तुरुंगवास सहा महिन्यांपर्यंत. त्याच दुरुस्तीने श्वासाबरोबर प्रयोगशाळेतली तपासणीही कलम १८५ मध्ये स्पष्ट लिहिली. याचा उपयोग लगेच झाला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे मुंबई पोलिसांनी फुंकायची यंत्रं बाजूला ठेवली, तेव्हा रक्ताचाच मार्ग उरला.

आकडा १९९४ पासून होता, पण नाकाबंदी आपल्या सवयीत आली ती मुंबईमुळे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडलं, सात जण गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ पावणेचार पट. खालच्या कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा दिली आणि लोक खवळले. हायकोर्टाने ती तीन वर्षं केली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. या खटल्याची चर्चा चालू असतानाच, जून २००७ मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध सलग मोहीम सुरू केली. ‘थर्टी फर्स्टची नाकाबंदी’ हा शब्द तिथून राज्यभर गेला.

ठरलेला चौक

आता परत आपल्याकडे. आपल्या भागात नाकाबंदी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो नगर-मनमाड हायवेवरचा चौक आणि ३१ डिसेंबर. ती लागल्याचं पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर येतं. ज्याला टाळायचंय तो पाटाच्या कडेने, चारीच्या रस्त्याने घरी जातो. तो रस्ता अंधारा, अरुंद, आणि गाळप हंगामात त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. म्हणजे नाकाबंदीने प्यायलेल्याला थांबवलं नाही, जास्त धोक्याच्या रस्त्यावर ढकललं.

याचा नीट अभ्यास झालेला आहे, आणि तोही भारतात. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो (अर्थशास्त्राचं २०१९ चं नोबेल मिळालेले दोघे) यांनी सहकाऱ्यांबरोबर राजस्थान पोलिसांच्या मदतीने एक प्रयोग केला. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी सगळ्यात चांगल्या एकाच जागी लावली, काहींत तीन जागांमध्ये फिरती ठेवली. कुठे काय करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना खरी व्हावी. फिरत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. एकाच जागेच्या नाकाबंदीचा लक्षात येण्यासारखा परिणाम दिसला नाही. लोक शिकतात हो. जागा एकच असली की पंधरा दिवसांत शिकतात.

ब्रिटनचंही असंच झालं होतं. १९६७ नंतर मृत्यू झपाट्याने घटले, आणि मग हळूहळू पुन्हा चढले. लॉरेन्स रॉस या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अर्थ असा लावला, की लोक आधी घाबरले आणि नंतर पकडलं जाण्याची शक्यता किती कमी आहे ते त्यांना कळलं. माणूस दंडाच्या रकमेपेक्षा सापडण्याच्या शक्यतेला जास्त भितो. १०,००० चा दंड २०,००० केला तरी चारीच्या रस्त्यावर तो शून्यच.

मधल्या काळात एक निराळा प्रयत्न झाला, ड्रायव्हरऐवजी बाटलीच हलवण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. १ एप्रिल २०१७ ला हायवेवरची दुकानं आणि परमिट रूम बंद झाले. काही महिन्यांतच न्यायालयाने खुलासा केला, की नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना ही मनाई लागू नाही. देवळाली प्रवरासारख्या नगरपरिषदेच्या गावांना हा फरक लगेच कळला. बाटली हलवणं सोपं नसतं.

जे मोजलं नाही ते

देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालात दारूचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, बराचसा दोष वेगावर जातो. हा आकडा बघून कुणीही म्हणेल, मग एवढी बोंब कशाला? पण बंगळुरूच्या निम्हान्सने इस्पितळात आलेल्या अपघातग्रस्तांचे जे अभ्यास केले, त्यांत दारूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. फरक इतकाच, की तिथे कुणीतरी प्रत्येकाला तपासलं.

हे मला फार जवळून माहीत आहे. बारावीपर्यंत माझ्या वर्गात असलेला एक मुलगा काही वर्षांपूर्वी गाळप हंगामात रात्री साडेदहाच्या सुमारास मोटारसायकलवरून घरी येत होता. मागून जीपने उडवलं. तो जागेवर गेला. जमलेले लोक म्हणाले, जीपवाला पिऊन टाइट होता. फुंकायचं मशीन नव्हतं. त्याला आधी मार लागला म्हणून इस्पितळात नेलं, मग पोलीस आले, मग पंचनामा, आणि रक्त घेतलं ते पहाटे साडेचारला. अहवाल आला, मर्यादेच्या आत. केस निष्काळजीपणाची झाली. कागदावर दारूचा रकाना रिकामा.

मी नंतर विडमार्कचं गणित मांडलं. तासाला १५ धरले तर सहा तासांत ९० मिलिग्रॅम उतरतात. साडेदहाला १०० मिलिग्रॅम असते तर साडेचारला १० उरले असते. याचा अर्थ तो प्यायला होता असा होत नाही. जमलेल्यांची नाकं आणि डोळे १९५१ पासून कोर्टाने का नाकारले ते मी वरच सांगितलंय, आणि तो जीपवाला खरंच नुसता घाबरलेला असू शकतो. तो निर्दोष असेल तर गावाच्या बोलण्यातून तोही कधी सुटणार नाही. मित्राच्या आईला खरं काय ते कधीच कळणार नाही. सहा तासांत उत्तर उडून गेलं. अक्षरशः श्वासावाटे आणि यकृतावाटे.

उलट टोकही आपण पाहिलं आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला. रक्त घेतलं गेलं, पण नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनाच अटक झाली. उखा कोल्हे खटल्यातला प्रश्न साठ वर्षांनी तसाच समोर आला: मधल्या वेळात कुपी कुठे होती?

म्हणून मला वाटतं, आपल्या तालुक्यात मोठ्या दंडाच्या बातमीपेक्षा तीन साध्या गोष्टींची गरज आहे. नाकाबंदी फिरती हवी आणि चारीच्या रस्त्यांवरही हवी. अपघाताच्या जागी सगळ्यात आधी पोचणाऱ्या गाडीत चालू स्थितीतलं, वेळच्या वेळी कॅलिब्रेट केलेलं यंत्र हवं. आणि जीव गेला असेल तर प्रत्येक चालकाची तपासणी व्हावी, संशय असो वा नसो, म्हणजे प्यायलेला सुटणार नाही आणि न प्यायलेल्याच्या कपाळी डाग राहणार नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांना म्हणाले, “काका, कांद्याने फसत नाही. पण मशीन तुमच्या विरुद्धच असतं असं नका समजू. उद्या तुमच्या हातून काही झालं आणि तुम्ही प्यायलेले नसाल, तर ते सांगणारा तो एकच साक्षीदार असेल.”

काकांनी बादली उपडी केली. म्हणाले, “म्हणजे मशीन पायजेच म्हणती तू.” हो, तेच म्हणते आहे.